सोयरिकीच्या बैठकीत सोरायसिस

तुळशीचे लग्न आटोपले की आमच्या बेळगाव सीमाभागात निपाणीपासून खानापूरपर्यंत सोयरिकीच्या बैठकींना जोर येतो आणि त्याच सुमारास माझ्याकडे एक ठरावीक प्रश्न येऊ लागतो. मुलीच्या किंवा मुलाच्या कोपरावर, गुडघ्यावर, डोक्यात सोरायसिस या त्वचारोगाचे चट्टे आहेत, स्थळ चांगले आहे, तर समोरच्यांना सांगायचे की नाही, आणि पुढे मुलाबाळांना हा रोग होणार का? मी पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, जीवशास्त्र शिकवते आणि मला स्वतःला विशीपासून सोरायसिस आहे. या दोन कारणांमुळे नातेवाइकांना आणि विद्यार्थ्यांच्या आईवडिलांना हा प्रश्न विचारायला मी सोयीची वाटत असावे. "मॅडम, हे रक्तातनंच येतंय म्हणतात, खरं की काय?" असे विचारणाऱ्याला 'होय' म्हटले तरी अर्धवट आणि 'नाही' म्हटले तरी अर्धवट, म्हणून उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे ठरवले.

आधी आकडे, कारण बैठकीत आकड्यांनाच किंमत असते. सोरायसिस घराण्यात किती उतरतो, याचा एक मोठा आढावा १९८२ साली जर्मनीत प्रसिद्ध झाला. त्यात २०३५ रुग्णांचे कौटुंबिक इतिहास तपासले होते. आईवडिलांपैकी एकाला सोरायसिस असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे १४ टक्के, दोघांनाही असेल तर सुमारे ४१ टक्के, आणि आईवडील निरोगी असून एका भावंडाला असेल तर सुमारे ६ टक्के, असे त्यातून दिसले. आजही डॉक्टर हेच आकडे सांगतात. आता पहिला आकडा उलट बाजूने वाचून पाहा. आई सोरायसिसची रुग्ण आणि वडील निरोगी असतील, तर त्यांच्या शंभर मुलांपैकी साधारण शहाऐंशी मुलांना हा रोग होतच नाही. ज्या चौदांना होतो त्यांतही बहुतेकांचा सौम्य असतो, म्हणजे कोपरावर दोन चट्टे आणि डोक्यात कोंडा वाटावा इतपत खपल्या.

जुळ्यांचा अभ्यास याहून बोलका आहे. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांची जनुके जवळजवळ पूर्णपणे सारखी असतात. रोग केवळ जनुकांवर ठरत असता, तर एकाला झाला की दुसऱ्याला हमखास व्हायला हवा होता. प्रत्यक्षात अशा जोड्यांमध्ये दोघांनाही सोरायसिस असण्याचे प्रमाण अमेरिकेतल्या जुन्या अभ्यासात सत्तर टक्क्यांच्या आसपास, तर डेन्मार्कच्या अलीकडच्या मोठ्या अभ्यासात केवळ एक-तृतीयांश निघाले. वेगवेगळ्या बीजांच्या जुळ्यांत ते त्याहून बरेच कमी भरते. म्हणजे जनुकांचा वाटा मोठा आहे, हे दोन प्रकारच्या जुळ्यांतल्या या फरकातून दिसते, आणि जनुके सारखी असूनही कित्येक जुळी भावंडे निरोगी राहतात, हे पहिल्या प्रकारच्या जुळ्यांतून. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. हे मान्य करायला आपल्याकडची माणसे फार नाखूष असतात, कारण त्यांना एक तर 'घराण्यातला रोग' हवा असतो नाही तर 'अंगावर पडलेला रोग'.

रोगाचे स्वरूप थोडक्यात सांगते. निरोगी त्वचेत खालच्या थरात जन्मलेली पेशी पृष्ठभागावर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. त्यामुळे अर्धवट पिकलेल्या पेशींचे चंदेरी पापुद्रे एकावर एक साचतात. ही घाई त्वचेच्या स्वतःच्या मनाने होत नसून प्रतिकारसंस्थेतल्या टी पेशी तिला तसे करायला लावतात. हा रोग संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एका कंगव्याने केस विंचरल्याने किंवा लग्नानेही तो दुसऱ्याला होत नाही. तो महारोगही नव्हे. युरोपात शतकानुशतके दोन्हींची गल्लत होत असे, ती व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ मध्ये निर्णायकपणे मोडून काढली. आपल्याकडे ती अजून पुरती मोडलेली नाही. चट्टेवाल्या माणसाची दाढी करायला का-कू करणारा न्हावी मी बेळगावातच पाहिला आहे.

आता जनुकांकडे. १९७२ मध्ये पहिल्यांदा असे लक्षात आले, की सोरायसिसच्या रुग्णांत काही विशिष्ट एचएलए प्रकार इतरांपेक्षा जास्त आढळतात. एचएलए ही सहाव्या गुणसूत्रावरची जनुके. पेशीच्या आत काय चालले आहे त्याचे प्रथिनांचे तुकडे ती पेशीच्या बाहेर मांडून दाखवतात, म्हणजे प्रतिकारसंस्थेला आपले कोण आणि परके कोण हे ओळखता येते. १९८० मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी यांपैकी एचएलए-सीडब्ल्यू६ या प्रकाराकडे बोट दाखवले. तरीही त्यानंतर पाव शतक वाद चालू राहिला, कारण सहाव्या गुणसूत्राच्या त्या पट्ट्यात जनुकांची इतकी दाटी आहे आणि ती पिढ्यान्‌पिढ्या इतकी एकत्र उतरतात, की खरा दोषी कोण आणि नुसता शेजारी कोण हे ठरवणे अवघड होते. २००६ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या गटाने बारकाईने क्रम वाचून सीडब्ल्यू६ हाच मुख्य धोक्याचा प्रकार असल्याचे दाखवले. लहान वयात, म्हणजे चाळिशीच्या आत सुरू होणाऱ्या आणि घराण्यात आढळणाऱ्या सोरायसिसशी त्याचे नाते विशेष घट्ट आहे.

बैठकीत सांगण्यासारखा खरा मुद्दा पुढे आहे. हा प्रकार निरोगी माणसांतही भरपूर आढळतो आणि तो बाळगणाऱ्यांपैकी बहुतेकांना, अंदाजे दहांतल्या नऊ जणांना, आयुष्यभर सोरायसिस होत नाही. तो एकटा पुरत नाही. २००७ पासून संपूर्ण जनुकसंचाची चाळणी करणारे अभ्यास सुरू झाले, तेव्हापासून सोरायसिसशी संबंधित जागांची यादी वाढतच गेली. २०१२ मध्ये ती ३६ होती, २०१७ मध्ये ६३ झाली आणि आता शंभराच्या पुढे आहे. यांतली एकेक जागा धोका किंचित वाढवते, इतका किंचित की तिच्यावरून कोणा एका माणसाचे भविष्य सांगता येत नाही. काही जागा एकमेकींच्या आधारानेच काम करतात. उदाहरणार्थ, प्रथिनांचे तुकडे योग्य मापात छाटून एचएलएच्या हाती देणाऱ्या ईआरएपी१ या जनुकाचा परिणाम, २०१० च्या अभ्यासानुसार, ज्यांच्याकडे एचएलए-सीचा धोक्याचा प्रकार (सीडब्ल्यू६ त्यातलाच) आहे त्यांच्यातच दिसून येतो. दोघे भेटले तर बिघाड, ईआरएपी१ एकटे असेल तर काहीच नाही.

या यादीबाबत एक तक्रार मात्र करायला हवी. तिच्यासाठी वापरलेले रक्ताचे नमुने बहुतांशी युरोपीय वंशाच्या आणि काही प्रमाणात चिनी लोकांचे आहेत. भारतात काम झाले आहे, पण छोट्या प्रमाणावर. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की सीडब्ल्यू६ आणि त्वचेचा बाह्य थर घडवणाऱ्या एलसीई३ जनुकांमधला धोक्याचा प्रकार हे दोन्ही एकत्र आले तर भारतीय रुग्णांतही धोका वाढतो. आपल्या पट्ट्यातल्या मराठी-कानडी घराण्यांचे नमुने अशा अभ्यासांत किती असतील, याबद्दल मला फारशी आशा नाही. एक कारण तर आपल्या रुग्णांची पांगापांग हे आहे. निपाणीचा माणूस कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात जातो, अथणी-कागवाडचा मिरजेला, जांबोटी-कणकुंबीकडचा चोर्ला घाट उतरून गोव्याला बांबोळीच्या रुग्णालयात आणि शहराजवळचा बेळगावच्या सिव्हिलला किंवा केएलईच्या रुग्णालयात. एकाच घराण्यातले चार रुग्ण तीन राज्यांतल्या चार केसपेपरांवर नोंदले जातात आणि त्यांना कोणी एकत्र पाहत नाही.

दुसरे कारण आपण स्वतःच आहोत. त्वचारोगाच्या ओपीडीत पहिल्या भेटीत डॉक्टर एका कोऱ्या कागदावर वंशवृक्ष काढतात. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, रोग असेल तर ते चिन्ह काळे भरायचे, रुग्णावर बाण, आणि नवराबायको रक्ताच्या नात्यातले असतील तर त्यांना जोडणारी रेघ दुहेरी. माझ्या आधीच्या आजीबाईंना डॉक्टरांनी कानडीत विचारले, "मनेल्लि यारिगादरू इदेया?" म्हणजे घरात आणखी कोणाला आहे का? त्यांनी जोरात मान हलवून नकार दिला. माझी पाळी आली तेव्हा शेजारी बसलेल्या माझ्या आईनेही तसाच नकार दिला आणि कागदावरची सगळी चौकोन-वर्तुळे कोरी राहिली, एक माझे सोडून. परत येताना रिक्षात आई हळूच म्हणाली, की तुझ्या मोठ्या आत्याच्या नखांवर खड्डे होते आणि ती बारा महिने लांब बाह्यांचे पोलके घालायची. आत्याला मी लहानपणापासून पाहत आले होते. सुईने टोचल्यासारखी खड्डे पडलेली, पिवळसर, टोकाला उचकटलेली तिची नखे मला स्पष्ट आठवतात; ती नखे सोरायसिसची असतात हे आईला ठाऊक नसेल, पण काहीतरी लपवायचे आहे हे तिला नक्की ठाऊक होते. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी एक वर्तुळ काळे केले. जनुकीय संशोधनाचे यंत्र कितीही महाग असले, तरी त्याला खाऊ घालायची माहिती अशीच, घरातल्या बायकांच्या तोंडून, रिक्षात मिळते.

त्या कागदावरची दुहेरी रेघ हा माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. आपल्याकडे मामाच्या मुलीवर हक्क सांगितला जातो, आत्याच्या घरी मुलगी देतात, आणि कर्नाटकातल्या अनेक समाजांत प्रत्यक्ष मामा-भाचीचे लग्नही रूढ आहे. सीमाभागात मराठी आणि कानडी दोन्ही घरांत याचे कोणालाच काही वाटत नाही. कोपरावरच्या चट्ट्यामुळे स्थळ मोडणारे काका त्याच महिन्यात सख्ख्या भाचीशी धाकट्या भावाचे लग्न लावून देतात, हे मी पाहिले आहे, आणि शास्त्राच्या दृष्टीने हा सरळसरळ उलटा हिशोब आहे.

याचे कारण समजून घेण्यासाठी सोरायसिस आणि एका जनुकाच्या बिघाडाने होणारे त्वचारोग यांतला फरक पाहावा लागतो. लॅमेलर इक्थिओसिस या आजारात मूल जन्मतःच ताणलेल्या, चकचकीत पापुद्र्यात गुंडाळलेले असते आणि पुढे आयुष्यभर अंगभर जाड, गडद खवले राहतात. त्याचे एक प्रमुख कारण असलेले टीजीएम१ हे जनुक १९९५ मध्ये ओळखले गेले. डिस्ट्रॉफिक एपिडर्मोलिसिस बुलोसामध्ये सीओएल७ए१ या जनुकाच्या दोषामुळे त्वचेचे दोन थर एकमेकांना धरून ठेवणारे तंतू नीट बनत नाहीत आणि नुसत्या घासण्याने फोड येऊन कातडी सुटते. लॅमेलर इक्थिओसिस आणि या दुसऱ्या आजाराचे तीव्र रूप अप्रभावी पद्धतीने उतरते. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत मिळाली तरच मूल आजारी पडते. एकच बिघडलेली प्रत असलेले आईवडील स्वतः पूर्ण निरोगी दिसतात, बैठकीत त्यांच्याकडे बोट दाखवण्यासारखे काहीच नसते, आणि तरीही त्यांच्या प्रत्येक गर्भारपणात आजारी मुलाची शक्यता चारांत एक असते. आतेभाऊ-मामेबहिणीच्या अपत्यात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता सोळांत एक, तर मामा-भाचीच्या अपत्यात आठांत एक. बाहेरच्या घरातल्या जोडप्यात ती नगण्य.

शिवाय जातीतल्या जातीत लग्ने करण्याची आपली रीत शेकडो वर्षे जुनी आहे, त्यामुळे रक्ताचे नाते आठवणीत नसले तरी जनुकांत असते. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संस्थेतल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातले २६० हून अधिक समाज तपासले गेले. त्यांपैकी ८१ समाजांत, थोड्याच मूळ पूर्वजांपासून वाढल्याची खूण फिन लोकांत आणि अश्केनाझी ज्यूंत दिसते त्याहूनही ठळक निघाली. असे समाज अप्रभावी रोगांच्या दृष्टीने जोखमीचे असतात. सोरायसिसवर मात्र या सगळ्याचा परिणाम बेताचाच, कारण तिथे एका जनुकाच्या दोन बिघडलेल्या प्रती जुळण्याचा प्रश्न नसून शंभर छोट्या जागांची बेरीज आहे. म्हणून म्हणते, की भीती चुकीच्या घराच्या दारात उभी आहे.

मग जनुके इतकी माफक असतील तर त्यांचा शोध घेऊन उपयोग काय, असा प्रश्न माझ्या वर्गातली मुलेसुद्धा विचारतात. उत्तर असे, की या शोधाने कोणाला रोग होईल हे फारसे सांगितले नाही, पण रोग झाल्यावर कुठे अडवायचा हे फार नेमके सांगितले. सोरायसिसच्या रुग्णांत फरक असलेल्या जागांपैकी आयएल२३आर आणि आयएल१२बी या दोन २००७ मध्ये ठळकपणे पुढे आल्या. दोन्ही इंटरल्यूकिन-२३ या संदेशवाहक प्रथिनाच्या कामाशी जोडलेल्या आहेत, आणि हे प्रथिन ज्या टी पेशींना पोसते त्या पेशी इंटरल्यूकिन-१७ सोडून त्वचेला भडकवतात. खरे सांगायचे तर तोवर त्या मार्गावरचे उस्टेकिनुमॅब हे औषध माणसांवरच्या चाचण्यांत पोहोचलेही होते, त्यामुळे औषध जनुकातून जन्मले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण मार्ग योग्य आहे याची ग्वाही जनुकांनी दिली. ते औषध अमेरिकेत २००९ मध्ये मान्य झाले, आणि मग थेट इंटरल्यूकिन-१७ ला पकडणारे सेक्युकिनुमॅब २०१५ मध्ये.

खऱ्या अर्थाने जनुकातून औषधापर्यंतची वाट पाहायची असेल, तर पूजन्य सोरायसिसचे उदाहरण घ्यावे. यात अंगभर पुवाने भरलेले बारीक फोड एकदम उठतात, ताप येतो आणि जीवावर बेतू शकते. २०११ मध्ये ट्युनिशियातल्या, नात्यात लग्ने झालेल्या कुटुंबांचा अभ्यास करताना आयएल३६आरएन या जनुकातला दोष सापडला. इंटरल्यूकिन-३६ ला लगाम घालणारे प्रथिन या रुग्णांत नीट बनत नव्हते. त्या लगामाच्या जागी उभे राहणारे स्पेसोलिमॅब हे इंजेक्शन सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्याच महिन्यात सोरायसिसच्या यादीतल्या टीवायके२ या जनुकाच्या प्रथिनाला रोखणारी ड्यूक्राव्हासिटिनिब ही गोळीही मान्य झाली. ट्युनिशियातल्या त्या वंशवृक्षांतही दुहेरी रेघा होत्याच. त्या घरांनी त्या लपवल्या नाहीत, म्हणून जगाला औषध मिळाले.

आपल्या कर्नाटक राज्याचाही यात वाटा आहे आणि तो इकडे कोणाला ठाऊक नसतो. बेंगळुरूच्या बायोकॉन कंपनीने क्युबाच्या संस्थेबरोबर विकसित केलेले, टी पेशींवरच्या सीडी६ या रेणूला धरणारे इटोलिझुमॅब हे औषध भारतातल्या चाचण्यांनंतर २०१३ मध्ये सोरायसिससाठी बाजारात आले.

चाचणी म्हटले की लोक बिचकतात, म्हणून तिचे काम कसे चालते ते सांगते. तीव्रता मोजण्यासाठी पासी नावाचा निर्देशांक १९७८ पासून वापरात आहे. डोके, हात, धड आणि पाय या चार भागांत लाली, जाडी, खपल्या आणि व्यापलेले क्षेत्र पाहून ० ते ७२ मध्ये गुण दिले जातात. हे गुण तीन-चतुर्थांशाने उतरले तर औषध लागू पडले असे धरण्याची जुनी पद्धत आहे. सेक्युकिनुमॅबच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पूर्ण मात्रा मिळालेल्यांपैकी बाराव्या आठवड्यात सुमारे ८२ टक्के रुग्ण या पातळीला पोहोचले, तर ज्यांना नुसते औषधासारखे दिसणारे इंजेक्शन मिळाले त्यांच्यातले साडेचार टक्के. हे साडेचार टक्के फार महत्त्वाचे आहेत. सोरायसिस आपोआपही वरखाली होत असतो, उन्हाळ्यात कमी आणि थंडीत जास्त; तेव्हा तुलनेचा गट नसेल तर कोणतेही औषध चमत्कारी वाटू शकते. गावोगावच्या 'हमखास' मलमांचे यश याच वरखाली होण्यावर उभे असते. पासीत एक उणीव मात्र आहे. लाली मोजण्याची सवय गोऱ्या कातडीवर लागलेली असल्यामुळे, आपल्या सावळ्या त्वचेवरचा जांभळट-तपकिरी चट्टा नवख्या डोळ्याला कमी तीव्र वाटतो.

जनुकांच्या आधीच्या उपचारांत आपल्या शेजाऱ्याचे नाव अनपेक्षितपणे येते. एकोणिसाव्या शतकात 'गोवा पावडर' नावाची पिवळसर-तपकिरी भुकटी नायट्यावर वापरली जात असे. ती मुळात ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाच्या खोडातली. पोर्तुगीज जहाजांतून गोव्यात आली आणि गोव्याचे नाव घेऊन पुढे गेली. १८७० च्या दशकात लंडनचे डॉक्टर बाल्मॅनो स्क्वायर यांनी ती सोरायसिसवर गुणकारी असल्याचे लिहिले. पहिल्या महायुद्धात जर्मनीला माल मिळेनासा झाला, तेव्हा १९१६ मध्ये तिथल्या रसायनतज्ज्ञांनी तिचा कृत्रिम भाऊ बनवला, तो म्हणजे डिथ्रॅनॉल. मी स्वतः ते वापरले आहे. चट्टे उतरतात, पण चादरी, टॉवेल आणि पांढरी ब्लाउजे कायमची तपकिरी-जांभळी होतात. आपल्याकडच्या बावचीच्या बियांत सोरालेन असते आणि १९७४ पासून जगभर वापरलेली सोरालेन-अधिक-अतिनील किरणांची पद्धत त्याच वर्गातल्या रसायनांवर उभी आहे. म्हणून कोणी घरच्या घरी बावचीचे तेल लावून उन्हात बसू नये. मात्रा मोजता येत नाही आणि भाजून फोड येतात. दवाखान्यातले ३११ नॅनोमीटरचे किरण हा त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित मार्ग आहे, आणि पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडे महिना महिना ऊन दिसत नाही तेव्हा गरजेचाही.

धोका जनुकांत असला तरी ठिणगी बाहेरून पडते. घशाच्या स्ट्रेप्टोकोकस संसर्गानंतर मुलांच्या अंगावर थेंबाथेंबाएवढे चट्टे उठतात. जिथे कातडी खरचटते, भाजते किंवा सतत घासते तिथे नवा चट्टा येतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्यांच्या हातांवर आणि ऊस तोडणाऱ्यांच्या नडग्यांवर तो सहज दिसतो. लिथियम आणि क्लोरोक्वीनसारखी औषधे तो भडकवतात. धूम्रपानही त्यात आहे. निपाणीच्या तंबाखूवर घर चालणाऱ्या आमच्या आप्तांना हे ऐकायला आवडत नाही.

सर्वांत जास्त नुकसान मात्र मी औषधाच्या दुकानांतून झालेले पाहिले आहे. तीव्र स्टेरॉइड मलमे २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, असा नियम आहे. तरी शहरातल्या एका दुकानातून माझ्या चुलतभावाला वर्षभर असे मलम मिळत राहिले, आणि मांडीची कातडी पातळ होऊन तिच्यावर जन्माच्या रेघा पडल्या. स्टेरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शने तर त्याहून घातक, कारण ती अचानक थांबवली की वर सांगितलेला पूजन्य प्रकार उसळू शकतो. मेथोट्रेक्सेट हे स्वस्त आणि खरोखर चांगले औषध आहे, पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. आमच्या घरात कॅलेंडरवर त्या वाराला लाल पेनाने गोल करून ठेवलेला असतो. आणि प्रतिकारसंस्थेला नेमक्या जागी रोखणाऱ्या नव्या इंजेक्शनांकडे जाण्याआधी क्षयाची तपासणी अनिवार्य आहे, कारण आपल्याकडे सुप्त क्षय घरोघरी असतो आणि त्यांतली टीएनएफ हे दाह वाढवणारे प्रथिन रोखणारी औषधे त्याला जागे करू शकतात.

राहिला बैठकीचा प्रश्न. सांगा, असेच मी म्हणते, कारण पुढे सोरायसिसमुळेच सांधे दुखू लागले, गर्भारपणात मेथोट्रेक्सेट बंद करावे लागले, तर ते घरातल्यांना आधी ठाऊक असलेले बरे. हे औषध चालू असताना गर्भ राहू देऊ नये, त्यामुळे लग्नानंतरचे पहिले वर्ष डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आखावे लागते. गेल्या वर्षी हुक्केरी तालुक्यातल्या एका मुलीच्या वडिलांनी मला विचारले, की बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत तिची एचएलए तपासणी करून निकाल मुलाकडच्यांना दाखवला तर चालेल काय. मी नको म्हटले. निकाल 'आहे' आला तरी मुलांबद्दल काही निश्चित सांगता येत नाही आणि 'नाही' आला तरी तिच्या कोपरावरचा चट्टा पुसला जात नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर धाकटीचे लग्न तुम्ही तिच्या मामाशी ठरवता आहात, त्याआधी दोघांना घेऊन जनुकीय समुपदेशकाकडे जा, असे सुचवले. थोरलीचे पुढे जमले. धाकटीबद्दल त्यांनी अजून काही कळवलेले नाही.